लहान मुलांच्या जबड्याची ट्रीटमेंट: खान्देशातल्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

दातांना तार लावतात हे आता रावेरपासून शहाद्यापर्यंत सगळ्यांना माहीत झालंय, पण सात-आठ वर्षांच्या लेकराच्या जबड्यावर उपचार म्हटलं की घरात दोन गट पडतात. आजी म्हणते एवढ्याशा पोराच्या तोंडात कशाला काही बसवता, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला काका म्हणतो आत्ताच केलं नाही तर वेळ गेलीच समजा. कोणत्या त्रासात घाई करायची आणि कोणत्यात खुशाल थांबायचं एवढं कळलं तरी निम्मी काळजी जाते, म्हणून मुलांचे दात बघताना आईबाबा जे परत परत विचारतात ते सगळं इथे एकत्र लिहितेय.

जबड्याची ट्रीटमेंट आणि तार लावणं, दोन्ही एकच ना?

नाही. तारेने दात हाडातल्या हाडात सरकतात, हाड तेवढंच राहतं. जबड्याच्या ट्रीटमेंटमध्ये हाडाच्या वाढीलाच वळण द्यायचं असतं, म्हणजे वरचा जबडा अरुंद असेल तर रुंद करायचा, मागे राहिला असेल तर पुढे ओढायचा, खालचा मागे असेल तर त्याला पुढे धरून ठेवायचं. हे सगळं वाढ चालू आहे तोवरच जमतं. वाढ संपल्यावर हाडात तोच फरक हवा असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं, आणि सगळी घाई जी काही आहे ती याच एका कारणासाठी आहे.

मग पहिल्यांदा कधी दाखवायचं?

साधारण ७ व्या वर्षी. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबडा नीट बसवणाऱ्या डॉक्टरांची संघटनाही हेच वय सांगते. तोवर पहिली कायमची दाढ आलेली असते, पटाशीचे कायमचे दात यायला लागलेले असतात, त्यामुळे वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसा बसतोय ते नीट कळतं. पण दाखवायचं म्हणजे लगेच काही बसवायचं असं अजिबात नाही हो, बऱ्याच मुलांच्या बाबतीत उत्तर एवढंच असतं की सहा महिन्यांनी परत आणा.

या दाढेबद्दल एक गोष्ट मला फार तळमळीने सांगायचीय. ती साधारण ६ व्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे येते, तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते, मग ती किडली तरी पडेल आपोआप म्हणून सोडून देतात आणि दहाव्या वर्षी काढायची पाळी येते. ती आयुष्यभराची दाढ आहे, सगळा चावा तिच्या आधारावर बसतो. मुलाचं तोंड उघडून आज एकदा बघा.

"दूधना दात शेतस, पडी जातीन, मंग कसाले खर्च करना?"

हा प्रश्न असाच अहिराणीत येतो आणि बरोबरही वाटतो, पण दुधाचे २० दात सगळे एकाच वेळी पडत नाहीत. पुढचे सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडायला लागतात, दुधाच्या मागच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत राहतात. त्या खाली येणाऱ्या दाताची जागा राखून ठेवत असतात. अशी दाढ किडून सातव्या वर्षी काढली की मागची मोठी दाढ पुढे झुकते, जागा खाऊन टाकते, आणि नंतरच्या दाताला यायला वाटच राहत नाही. म्हणून शक्य असेल तर दुधाची दाढ भरून किंवा कॅप लावून वाचवायची, आणि काढावीच लागली तर डॉक्टरांना विचारायचं की जागा राखायची तार लावायची का. छोटीशी तार असते ती, पुढचा मोठा खर्च कितीतरी वेळा तिच्यामुळे टळतो.

आठव्या वर्षी समोरच्या दोन दातांत फट पडलीय, दात पंख्यासारखे पसरलेत, काय करू?

बहुतेक वेळा काहीच नाही. सुळे वर हाडातून खाली सरकत असतात आणि पुढच्या दातांच्या मुळांना ढकलत असतात, त्यामुळे ८ ते ११ या वयात दात असे पसरलेले दिसतात. ब्रॉडबेंट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३७ मध्येच या टप्प्याचं वर्णन करून ठेवलंय. सुळे खाली आले की फट बहुधा आपली आपण मिटते. फट फारच मोठी असेल किंवा एक दात आला आणि त्याच्या जोडीचा सहा महिने झाले तरी आलाच नाही, तर मात्र एक्सरे काढून मध्ये जादा दात अडकलाय का ते बघावं लागतं. आणि प्लीज, फट मिटवायला दातांना रबर बांधायचं नाही, ते रबर हिरडीत सरकत सरकत मुळापर्यंत जातं आणि चांगला दात हातचा जातो.

थांबायचं नाही असे त्रास कोणते?

माझ्या मते खरी घाई थोड्याच ठिकाणी आहे. मुलगा दात मिटताना खालचा जबडा एका बाजूला सरकवून मिटतो आणि त्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत पडतात, हा पहिला. वरचा जबडा अरुंद असल्यामुळे हे होतं, आणि असंच वर्षानुवर्षं चाललं तर जबडा त्या बाजूला वाढून चेहरा वाकडा दिसायला लागू शकतो. दुसरा, पुढचा एखादाच दात उलटा म्हणजे खालच्या दाताच्या मागे चावतोय, अशात खालच्या दाताची हिरडी खाली उतरायला लागते आणि दातही झिजतात. साध्या, काढता-घालता येणाऱ्या प्लेटने काही आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत काम होतं, तरी लोक उगाच दोन वर्षं वाट बघत बसतात. तिसरा, पुढचे सगळेच दात उलटे बसतात आणि वरचा जबडा मागे राहिलेला दिसतो. चौथा, वरचे दात इतके पुढे आहेत की ओठ मिटत नाहीत आणि पोरगं सारखं पडतं-आपटतं.

ओठ किंवा टाळू फाटलेली जन्मलेली बाळं तर पहिल्या दिवसापासूनच दाखवायची असतात. त्यांच्यात पुढे हिरडीच्या फटीत हाड भरायच्या आधी जबडा रुंद करावा लागतो, साधारण आठ-नऊ वर्षांच्या आसपास, तेव्हा लहानपणी ऑपरेशन झालं म्हणून नंतरची तपासणी सोडू नका.

वेडेवाकडे दात, थोडी गर्दी, थोडी फट, एखादा फिरलेला दात, हे बहुतेक वेळा कायमचे दात येईपर्यंत थांबू शकतं.

टाळूला स्क्रू लावतात म्हणे, हाड तुटतं का?

तुटत नाही. वरचा जबडा डाव्या आणि उजव्या अशा दोन हाडांचा असतो आणि टाळूच्या मधोमध त्यांची शिवण असते. लहान वयात ती शिवण घट्ट झालेली नसते, वयात आल्यानंतर हळूहळू पक्की होत जाते. दाढांना धरून बसवलेल्या त्या साधनाच्या मध्ये एक बारीक स्क्रू असतो, घरी आईने किंवा बाबांनी छोट्या चावीने तो डॉक्टर सांगतील तसा दिवसातून एकदा किंवा दोनदा पाव फेरा फिरवायचा, एका पाव फेऱ्यात साधारण पाव मिलिमीटर जागा होते. असं दोन-तीन आठवडे चालतं. त्या दिवसांत समोरच्या दोन दातांत अचानक फट पडते आणि आईबाबा घाबरून फोन करतात, पण ती फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण आहे, ती नंतर आपोआप मिटते. फिरवल्यावर नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या मध्ये थोडा वेळ दाब जाणवतो, खूप दुखत नाही. मग स्क्रू बंद करून साधन तसंच काही महिने, बऱ्याचदा सहाएक महिने, तोंडात ठेवायचं, कारण उघडलेल्या जागेत नवीन हाड भरायला वेळ लागतो, आणि हौसेने लवकर काढलं तर जबडा परत आत येतो.

चावीला लांब दोरा बांधा, दोऱ्याचं दुसरं टोक तुमच्या बोटाला, म्हणजे चावी घशात जायची भीती नाही. कोणत्या दिवशी फिरवला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, आईने फिरवला आणि बाबांनी परत फिरवला असं होतं घरोघरी.

ही काही कालची नवी टूम नाही बरं, अमेरिकेत एमर्सन एंजेल नावाच्या डॉक्टरांनी १८६० साली एका १४ वर्षांच्या मुलीच्या जबड्यावर हा प्रयोग करून छापला होता, आणि १९६१ पासून हास नावाच्या डॉक्टरांमुळे तो सगळीकडे गेला.

आमच्या घराण्यातच खालचा जबडा पुढे आहे, आजोबांचाही तसाच, पोराचं काय होईल?

हा सगळ्यात अवघड भाग. वरचा जबडा मागे असेल तर चेहऱ्यावर लावायचा मास्क मिळतो, कपाळ आणि हनुवटीला टेकतो आणि रबराने वरचा जबडा पुढे ओढतो, रोज १२ ते १४ तास, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत, साधारण सहा महिने ते वर्षभर. १० व्या वर्षाच्या आत केलं तर गुण जास्त चांगला येतो. पण खालच्या जबड्याची वाढ सगळ्यात शेवटपर्यंत चालू राहते, मुलग्यांत अठराच्या पुढेही, आणि घराण्यातून आलेली वाढ मास्कने कायमची रोखता येत नाही. काही मुलांना सगळं नीट करूनही मोठेपणी ऑपरेशन लागतं. हे पहिल्याच दिवशी सांगणारा डॉक्टर चांगला समजा. आणि येताना आईबाबा, काका, आजोबा यांचे बाजूने काढलेले फोटो घेऊन या, त्याचा खरंच उपयोग होतो.

वरचे दात पुढे आणि हनुवटी मागे आहे, हेही आठव्या वर्षीच करायचं का?

बहुतेक मुलांत नाही! इथेच लोकांचा पैसा सगळ्यात जास्त वाया जातो. आठव्या-नवव्या वर्षी एकदा आणि नंतर परत एकदा अशी दोन टप्प्यांत ट्रीटमेंट केलेली मुलं आणि वयात येताना एकदाच केलेली मुलं यांची तुलना करणारे चांगले अभ्यास झालेत, कॉक्रेन नावाच्या, असे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने ते एकत्र करून पाहिले तर शेवटी दोन्हींचा निकाल जवळपास सारखाच, फक्त लवकर केलेल्यांत पुढचे दात आपटून तुटण्याचं प्रमाण कमी. म्हणून पोरगं फार धडपडं असेल, किंवा दातांवरून शाळेत इतकं चिडवतात की ते हसायचंच बंद झालंय, तर लवकर करा, नाहीतर वाढीच्या जोराच्या टप्प्याची वाट बघा. तेव्हा ट्विन ब्लॉक नावाची वर-खाली दोन प्लेटची जोडी देतात, स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी ती १९७७ मध्ये पहिल्यांदा वापरली, दिवसरात्र घालायची, साधारण वर्षभर. दप्तरात ठेवली तर काहीच उपयोग नाही.

मुलींच्या आईबाबांनो, हे नीट वाचा. मुलींची वाढ मुलांच्या आधी जोर धरते, साधारण १० ते १२ मध्ये, मुलांची १२ ते १४ मध्ये, आणि पाळी सुरू झाली की तो जोराचा टप्पा बराचसा मागे पडलेला असतो. आपल्याकडे भावाला बाराव्या वर्षी आणतात आणि बहिणीचं लग्न ठरायच्या वेळी बघू म्हणतात, मग ती अठराव्या वर्षी येते तेव्हा जबड्याचं काम प्लेटने होण्याची वेळ निघून गेलेली असते. तिला तिच्या वेळेवर आणा, लग्नासाठी नाही, तिच्या स्वतःसाठी.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरून पडून समोरचा दात निघाला तर?

दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, फक्त दाखवा. कायमचा असेल तर मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवा, घासायचं नाही, जमलं तर तिथेच त्याच्या जागेवर बसवून रुमाल चावायला द्या, नाही जमलं तर दुधात टाका आणि निघा. अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम, तासाच्या आत तरी पोचा.

अंगठा चोखायची सवय आहे, मिरची लावू का?

नका लावू, कडुलिंबाचा रसही नको, आणि चारचौघांत ओरडणं तर नकोच. बरीच मुलं चौथ्या वर्षापर्यंत स्वतःच सोडतात. त्यानंतरही चालू राहिलं तर वरचे दात पुढे येतात, समोर वरच्या-खालच्या दातांत उघडी जागा राहते आणि टाळू अरुंद होते. कायमचे पटाशीचे दात यायच्या आधी सुटलं तर बरंचसं आपोआप भरून येतं. रात्री हाताला मऊ मोजा, न चोखलेल्या दिवसाला कॅलेंडरवर स्टिकर, एवढ्यावर खूप मुलांचं सुटतं. सात वर्षांचं होऊनही सुटत नसेल आणि मुलाचीही इच्छा असेल तर टाळूला छोटी जाळी लावतात.

तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, जबड्यामुळेच ना?

आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. या वयात नाकामागच्या गाठी, म्हणजे ॲडेनॉइड, सुजलेल्या असणं खूप कॉमन आहे, ॲलर्जीही असते, कापसाच्या जिनिंगच्या सीझनमध्ये धूळ तर विचारूच नका. झोपेत श्वास थांबल्यासारखा होत असेल तर उशीर करू नका. ज्यांचा जबडा खरंच अरुंद आहे त्यांना रुंद केल्यावर नाकाने श्वास घ्यायला मदत होऊ शकते, पण जबडा नीट असलेल्या मुलाचा फक्त घोरणं थांबवायला जबडा पसरवणं मला पटत नाही, त्याला तसा भक्कम पुरावा नाही.

यूट्यूबवर दाखवतात जीभ टाळूला लावून ठेवली की जबडा वाढतो, खरं का?

जीभ टाळूला लावल्याने हाड रुंद होतं हे सिद्ध झालेलं नाही. ऑनलाइन मागवायच्या, तोंडात घालायच्या रबरी ट्रेनरचंही तेच, मोजमाप नाही, तपासणी नाही, आणि हे घातलं की तार लागणारच नाही, अभ्यास सुधारेल, अंथरूण ओलं होणार नाही असले दावे. असलं कोणी सांगितलं तर तिथून उठा.

कळण्याची भाकरी चावून खाल्ली तर जबडा मोठा होईल का?

कडक चावून खाणं चांगलंच आहे, आणि पिढ्यानपिढ्या मऊ खाण्यामुळे जबडे लहान होत गेले असावेत असं मानणारे अभ्यासक आहेत. पण अरुंद झालेला जबडा भाकरीने रुंद होणार नाही. भाकरी खाऊ द्या, बिस्किटं कमी करा, त्याने निदान दाढा वाचतील.

प्लेट असताना खायचं काय?

भरीत, पुरणाचे मांडे, केळी, खिचडी, वरणभात, बिनधास्त. टाळूला चिकटवलेलं साधन असेल तर ऊस, चिक्की, कडक केळ्याचे वेफर्स, च्युइंगम बंद. शेवभाजीने प्लेट पिवळी पडते, पण रंगाने काही बिघडत नाही, थंड पाण्याने ब्रशने घासा. गरम पाणी मात्र नाही, प्लेट वाकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर प्लेट ठेवली तर वाकलीच समजा. लग्नात जेवताना कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवतात आणि पत्रावळीबरोबर फेकली जाते, म्हणून डबी खिशातच हवी.

मुलाला सिकलसेल आहे, करता येईल का?

सिकलसेल हा रक्ताचा, आईबाबांकडून येणारा आजार. उपचार करता येतात, पण डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला सांगा आणि सिकलसेलचं कार्ड दाखवा. नंदुरबारकडे, यावल-चोपड्याच्या पट्ट्यात हे विचारायलाच हवं. या मुलांत इन्फेक्शन, शरीरातलं पाणी कमी होणं, ताण यामुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो, त्यामुळे दात काढायची वेळ आली तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलूनच. आजार असलेल्या काही मुलांत वरचा जबडा पुढे वाढलेलाही दिसतो. फक्त वाहक असलेल्यांना सहसा अडचण नसते, तरी सांगायचं.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातला जातो, मग कसं जमणार?

हे लपवू नका, उलट पहिल्याच भेटीत सांगा. स्क्रूचे पहिले दोन-तीन आठवडे डॉक्टर जवळ हवेत, त्यानंतरच्या थांबायच्या काळात भेटी कमी लागतात, तेव्हा निघायच्या महिनाभर आधी सुरू केलं तर जमू शकतं. काढघालीची प्लेट हरवते, तुटते, म्हणून अशा घरांसाठी मी चिकटवलेलं साधन बरं समजते. अक्कलकुवा-धडगावकडून एसटीने येणाऱ्यांनाही हेच लागू.

खर्च फार येतो, सरकारी काही आहे का?

डेंटल कॉलेजात खासगीपेक्षा बरंच कमी लागतं. धुळ्यात एसीपीएम डेंटल कॉलेज आहे, आणि सरकारी कॉलेज छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथे शिकणारे डॉक्टर सीनियरच्या देखरेखीखाली करतात, वेळ जास्त जातो, पण काम नीट होतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडी आणि सरकारी शाळांत येते, फाटलेली टाळू, किडलेले दात त्यांच्या यादीत आहेत, शाळेत तपासणी झाली की चिठ्ठी कुठे टाकली ते शोधा आणि पुढे जा.

आत्ता केलं तर नंतर तार लागणार नाही ना?

बऱ्याच मुलांना लागते. आत्ता जबड्याचं काम, नंतर सगळे कायमचे दात आल्यावर दातांचं. दोन्हीचा मिळून खर्च आणि वेळ आधीच विचारा, नाहीतर बारा-तेराव्या वर्षी घरात भांडण.

एक्सरेने काही होतं का?

रेडिएशन अगदी थोडं असतं. पण दर भेटीला एक्सरे लागत नाही, कशासाठी काढताय ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पहिल्या भेटीला काय न्यायचं, काय विचारायचं?

आधी काढलेले एक्सरे, चालू औषधांची चिठ्ठी, मुलाची उंची मागच्या वर्षभरात किती वाढली ते शाळेच्या नोंदीतून, मुलगी असेल तर पाळी सुरू झालीय का. डॉक्टर बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस (दातांच्या डॉक्टरांची पुढची पदवी) झालेत का ते बोर्डवर बघा, नसेल लिहिलेलं तर सरळ विचारा, राग येत नाही कोणाला. आणि मग हे तीन प्रश्न: त्रास जबड्यात आहे की फक्त दातांत? आत्ता नाही केलं आणि दोन वर्षांनी केलं तर नेमकं काय बिघडेल? साधन रोज किती तास आणि किती महिने? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, महिनाभर उशीर झाल्याने जबड्याचं काही बिघडत नाही.